यादीतली पहिली ओळ

अफझलगंजकडून बेगम बाजारात शिरले की दुकाने दिसण्याआधी वास येतो: हळकुंडांचा, धन्यांचा, हिंगाचा, सुक्या मिरचीचा. निजामाच्या काळापासून घाऊक व्यापाराची ही पेठ आजही हैदराबादचे कोठीघर आहे. काचीगुडा, गौलीगुडा, सुलतान बाजार या भागांतली जुनी मराठी घरे सणावाराचे सामान इथून भरतात. नांदेड, लातूर, परभणीकडून दवाखान्याच्या किंवा लग्नाच्या निमित्ताने आलेली मंडळीही रुखवताची भांडी आणि सुकामेवा इथूनच घेऊन परततात. इथल्या गिऱ्हाइकाला माल पारखता येतो. खारीक दाबून पाहायची, बदाम चावून खवट लागतो का ते बघायचे, हळकुंड मोडून आतला रंग तपासायचा आणि मगच भाव करायचा. अलीकडे या यादीत काही नवे हेतू शिरले आहेत. जवस, अक्रोड, भोपळ्याच्या बिया आणि त्यांच्या जोडीला मेडिकलच्या दुकानातल्या ‘ड’ जीवनसत्त्वाच्या किंवा हळदीच्या अर्काच्या गोळ्या ‘यांनी स्तनाचा कर्करोग टळतो’ अशा ऐकीव भरवशावर घेतल्या जातात. खारकेला लावतो तीच पारख या भरवशाला लावली तर हाती काय उरते, हे इथे तपासायचे आहे.

प्रश्न हैदराबादकरांच्या अगदी जवळचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा अहवाल २०२० साली आला. देशातल्या नोंदणी केंद्रांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा, वयाचा फरक वजा करून काढलेला दर हैदराबाद जिल्ह्यात सर्वांत जास्त होता: दर लाख स्त्रियांमागे वर्षाला ४८. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. याच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवायला हवा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या ज्या स्त्रियांनी स्तनांची तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घेतली होती, त्यांचे प्रमाण शेकडा एकही भरले नाही. रोग एवढा, मृत्यू एवढे आणि तपासणी जवळजवळ नाहीच. म्हणून या लेखाचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकते: चांगले खा, वजन आटोक्यात ठेवा, शरीरात खरोखर कमी असेल तर जीवनसत्त्वही घ्या. मात्र जे काम फक्त तपासणी आणि वेळेवरचे उपचार करू शकतात, ते अन्नावर आणि गोळीवर सोपवू नका. या रोगाने होणारे अनेक मृत्यू या गफलतीतून आणि दिरंगाईतून होतात.

जीवनसत्त्वांवरचा विश्वास हवेतून आलेला नाही. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत काही कर्करोग कमी दिसतात, आणि ज्यांच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे असते त्यांची प्रकृती एकूण बरी असते, असे अनेक पाहण्यांत आढळले होते. पण भाजी भरपूर खाणारी स्त्री बहुधा चालतेही जास्त, तिचे वजनही बेताचे असते आणि ती डॉक्टरकडेही वेळेवर जाते. मग गुण भाजीतल्या एका रसायनाचा, की तिच्या सगळ्या राहणीचा? हे ठरवायचे तर चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत स्त्रिया वाटायच्या, एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी कोरी गोळी द्यायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. अमेरिकेत ३६,२८२ स्त्रियांवर असा प्रयोग झाला. पाळी गेलेल्या या स्त्रियांना सुमारे सात वर्षे कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व देऊनही स्तनाच्या कर्करोगात फरक पडला नाही. तो डोस कमी होता अशी शंका निघाली. मग दुसऱ्या प्रयोगात २५,८७१ स्त्री-पुरुषांना रोज २,००० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व पाच वर्षांहून अधिक काळ दिले गेले. २०१९ साली छापून आलेला त्याचा निष्कर्षही तोच होता: ना एकूण कर्करोग कमी झाले, ना स्तनाचे. ‘ड’ जीवनसत्त्व हाडांसाठी हवेच, कमतरता असेल तर ते भरून काढायलाच हवे. स्तनाच्या कर्करोगाविरुद्धचे कवच म्हणून मात्र ते परीक्षेत उतरले नाही.

यावर नेहमीचा सवाल येतो: उपयोग नसेल तर नसो, पण घ्यायला काय हरकत आहे? अपाय तर होत नाही ना? होतो, आणि हे फार मोठी किंमत देऊन कळले आहे. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या प्रयोगात बीटा-कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. तो निकाल १९९४ चा. दोनच वर्षांनी अमेरिकेतल्या अशाच दुसऱ्या प्रयोगाने त्याला दुजोरा दिला. गाजरात आणि मेथीच्या पानात असलेले हेच द्रव्य अन्नातून पोटात गेले तर काही बिघडत नाही. ते वेगळे काढून मोठ्या मात्रेत रोज दिले की शरीराचा तोल कुठे ढळेल याचा भरवसा नाही. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या डॉक्टर ठरावीक आठवड्यांसाठी देतात. त्या मनाने महिनोन्‌महिने चालू ठेवल्या तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. आणि ज्यांना कर्करोग झालेला आहे, केमोथेरपी चालू आहे, त्यांनी ‘ताकदीसाठी’ म्हणून अँटिऑक्सिडंट गोळ्या स्वतःहून घेणे सर्वांत धोक्याचे. केमोथेरपीच्या काळात अशा गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत रोग उलटण्याचे प्रमाण जास्त असल्याचे अमेरिकेतल्या एका पाहणीत दिसले. ती पाहणी होती, प्रयोग नव्हता, त्यामुळे तिला अंतिम पुरावा म्हणता येत नाही. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी न घेण्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.

बेगम बाजाराशी जोडलेला एक धोका वेगळा सांगायला हवा. हैदराबादेत ‘खुबानी का मीठा’ घरोघर होतो, त्यामुळे जर्दाळू इथे भरपूर येतात. जर्दाळूच्या आठळीतल्या कडू बियांना ‘ब-१७ जीवनसत्त्व’ असे नाव देऊन कर्करोगाचे औषध म्हणून जगभर खपवले गेले आहे. हे जीवनसत्त्व नाहीच. त्या बियांत अमिग्डालिन नावाचे द्रव्य असते आणि पोटात गेल्यावर त्यापासून सायनाइड तयार होते. अमेरिकेत १७८ रुग्णांवर ते नीट तपासले गेले. १९८२ साली निकाल आला: कुणाचाही रोग बरा झाला नाही आणि काहींच्या रक्तात सायनाइड विषबाधेच्या पातळीपर्यंत चढले. मिठाईवर पेरतात त्या गोड बिया निराळ्या. औषध म्हणून कडू बिया मात्र कधीही खाऊ नयेत. हळदीचेही असेच तारतम्य ठेवावे. वरणातली, भाजीतली, दुधातली हळद आपली जुनी सोबतीण आहे, तिच्याबद्दल काही तक्रार नाही. पण हळदीतले कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फार थोडे जाते, म्हणून गोळ्यांत त्याचा अर्क मिऱ्याच्या अर्काबरोबर भरतात. अशा गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत, आणि स्तनाच्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या टॅमॉक्सिफेनचा अंमल त्या कमी करू शकतात. स्वयंपाकातली चिमूट आणि गोळीतला अर्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

मग आहाराला काहीच अर्थ नाही का? अर्थ आहे, आणि तो गोळीपेक्षा कितीतरी मोठा आहे. फक्त त्याची चाल संथ आहे आणि त्याचे बळ एका पदार्थात नसून पूर्ण ताटात आहे. पाळी जाईपर्यंत स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन मुख्यतः बीजकोशांत तयार होते. पाळी गेल्यावर ते काम चरबी करू लागते. म्हणून पन्नाशीनंतर वाढलेले वजन म्हणजे स्तनाच्या पेशींना मिळणारे जादा इस्ट्रोजेन, आणि बऱ्याचशा स्तनकर्करोगांचे खाद्य तेच असते. अमेरिकेत ४८,८३५ स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात एका गटाने जेवणातले स्निग्ध पदार्थ कमी केले आणि भाज्या, फळे, धान्ये वाढवली. आठ वर्षांनी कर्करोग थोडा कमी दिसला, पण तो फरक योगायोगाचा असू शकेल इतका लहान होता. त्याच स्त्रियांचा माग सुमारे वीस वर्षे ठेवला, तेव्हा स्तनाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू आहार बदलणाऱ्या गटात २१ टक्क्यांनी कमी निघाले. दोन गोष्टी यातून कळतात: आहाराचे फळ मिळते, पण ते वीस वर्षांच्या सवयीचे असते, महिनाभराच्या जवसाचे नसते, आणि आहार सुधारलेल्या गटातही स्त्रियांना कर्करोग झाला. जोखीम कमी होणे आणि जोखीम संपणे यांतला हा फरक कायम लक्षात ठेवावा.

ताट कसे असावे हे विचारायला लांब जायची गरज नाही. राष्ट्रीय पोषण संस्था हैदराबादेतच, तारनाक्याला आहे. १९१८ साली कुन्नूरला सुरू झालेली ही संस्था १९५८ मध्ये इथे आली. तिने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. दिवसाला २,००० उष्मांकांच्या आहारात पालेभाजीसह ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ८५ ग्रॅमच्या आसपास डाळी-कडधान्ये आणि सुमारे ३५ ग्रॅम सुकामेवा व तेलबिया असे तिचे प्रमाण आहे. आता बेगम बाजाराची यादी या काट्यावर ठेवून बघा. पस्तीस ग्रॅम म्हणजे एक लहान मूठ. ती जेवणातल्या तेला-साखरेच्या जागी आली तर लाभ; तळण, मिठाई आणि दुधावरच्या सायीच्या वर भर म्हणून आली तर वजनच वाढवणार, कारण शंभर ग्रॅम बदामात सहाशेच्या आसपास उष्मांक असतात. जवसाची चटणी ज्वारीच्या भाकरीबरोबर खावी, त्यातून चोथा आणि चांगले स्निग्धांश मिळतात. चमच्या-चमच्याने औषधासारखे मोजून खाण्याचे कारण नाही. सोयाबीनला घाबरणाऱ्यांनाही दिलासा आहे: शांघायमधल्या ५,०४२ रुग्ण स्त्रियांच्या २००९ सालच्या अभ्यासात सोयाबीन खाणाऱ्यांत रोग उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण कमीच होते. दारूचा मात्र कोणताही ‘बेताचा’ डोस या रोगाच्या बाबतीत निर्धोक नाही. रोज एक पेलाही जोखीम वाढवतो. याच्या जोडीला रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चालणे. आणि ज्यांना बाळ आहे त्यांनी ते जमेल तितके अंगावर पाजावे. तीस देशांतल्या ४७ अभ्यासांचा एकत्र हिशेब २००२ साली मांडला गेला, तेव्हा अंगावर पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे जोखीम सुमारे सव्वाचार टक्क्यांनी कमी होते असे दिसले.

जीवनसत्त्वांच्या बाबतीत टोकाची भूमिका घेणेही चूक ठरेल. शाकाहारी घरांत ब-१२ ची कमतरता सर्रास आढळते आणि देशातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. हातापायांना मुंग्या येणे, दम लागणे, सतत थकवा, हाडे दुखणे अशी लक्षणे असतील तर रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस लोह, ब-१२, ‘ड’ जीवनसत्त्व घ्यावे. त्याने स्त्री सशक्त होईल, तिची कामे सुकर होतील, आणि हे स्वतःच फार मोलाचे आहे. त्यासाठी कर्करोगाचे नाव पुढे करण्याची गरज नाही. ‘आम्ही शाकाहारी, आमच्या घराण्यात कुणाला नाही, मग आम्हाला कशाची भीती’ असे म्हणणाऱ्या बायकाही पुष्कळ आहेत. हा रोग झालेल्या स्त्रियांपैकी आईवडिलांकडून आलेला जनुकीय दोष असणाऱ्या शेकडा पाच ते दहाच असतात. बाकी बहुतेकींच्या घराण्यात तो आधी कुणाला झालेला नसतो. म्हणजे घराणे कोरे असणे हा दिलासा असेल, सूट नव्हे. शाकाहाराचेही तसेच. पुरणपोळी, साबुदाण्याची खिचडी, पेढे, चहासोबतची उस्मानिया बिस्किटे हाही सगळा शाकाहारच आहे, आणि वजन त्यानेही वाढते.

आता मूळ मुद्दा. आहार आणि राहणी रोग होण्याची शक्यता कमी करतात. ज्यांना तरीही तो होतो त्यांचे प्राण वाचतात की नाही, हे रोग कोणत्या टप्प्यावर सापडतो आणि उपचार किती लवकर पूर्ण होतात यावर ठरते. देशातल्या अकरा नोंदणी केंद्रांच्या २०१२ ते २०१५ या काळातल्या रुग्णांचा अभ्यास २०२४ साली छापून आला. रोग स्तनापुरताच असताना सापडलेल्यांपैकी पाच वर्षांनी शेकडा ८१ हयात होत्या. काखेतल्या गाठींपर्यंत किंवा आजूबाजूला पोहोचला असेल तर शेकडा ६५. हाडे, फुप्फुसे, यकृत अशा दूरच्या अवयवांत गेला असेल तर शेकडा १८. शहाणा वाचक इथे अडवेल: लवकर सापडले म्हणजे दिवस मोजायला आधी सुरुवात झाली, एवढाच तर फरक नसेल ना? शंका रास्त आहे. म्हणूनच नुसते ‘किती वर्षे जगल्या’ हे न पाहता ‘किती मेल्या’ हे मोजणारा प्रयोग लागतो. तसा प्रयोग मराठी मुलखात झाला आहे.

१९९८ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईतल्या वस्त्यांमध्ये तो सुरू केला. डॉ. इंद्रनील मित्रा, डॉ. गौरवी मिश्रा आणि डॉ. राजेंद्र बडवे यांच्या चमूने ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रिया वस्तीवार दोन गटांत घेतल्या. एका गटाला कर्करोगाची माहिती एकदा दिली. दुसऱ्या गटातल्या स्त्रियांचे स्तन दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, हाताने तपासले गेले. यंत्र नव्हते, मॅमोग्राफी नव्हती, तपासणाऱ्या डॉक्टरही नव्हत्या. त्या होत्या शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका. वीस वर्षांचा निकाल २०२१ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तपासणीच्या गटात रोग तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडण्याचे प्रमाण ३७ टक्के, नुसती माहिती दिलेल्या गटात ४७ टक्के. आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. कोणत्याही जीवनसत्त्वाला आजवर न साधलेली गोष्ट शिकवलेल्या दोन हातांनी करून दाखवली, तीही झोपडपट्टीत, अगदी थोड्या खर्चात.

या निकालाच्या मर्यादाही सांगितल्याच पाहिजेत, कारण अर्धे सत्य सांगून कुणालाही तपासणीला नेऊ नये. सर्व वयांच्या स्त्रिया एकत्र धरल्या तर मृत्यूंतली घट १५ टक्के होती, आणि ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरती ठरली नाही. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मृत्यू कमी होण्याचा असा स्पष्ट फायदा दिसला नाही, जरी रोग लवकरच्या टप्प्यावर सापडला. मॅमोग्राफीलाही दोन बाजू आहेत. ब्रिटनमध्ये २०१२ साली स्वतंत्र तज्ज्ञांनी हिशेब मांडला: पन्नाशीच्या १०,००० स्त्रियांना वीस वर्षे मॅमोग्राफीला बोलावले तर ४३ मृत्यू टळतात, पण १२९ जणींचा असा कर्करोग सापडतो जो कदाचित आयुष्यभर त्रास न देताही राहिला असता. तरुणपणी स्तन घट्ट असल्याने मॅमोग्राफीत गाठ झाकलीही जाते. स्वतःचे स्तन ठरावीक पद्धतीने दर महिन्याला चाचपण्याचा मोठा प्रयोग शांघायच्या कापडगिरण्यांत २,६६,०६४ स्त्रियांवर झाला. त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी तेवढ्या वाढल्या. मग तपासणी सोडून द्यावी का? मुळीच नाही. यातून शिकायचे ते असे, की तपासणी वय पाहून, शिकलेल्या हाताकडून करावी, तिच्याकडून अचूकपणाची हमी मागू नये आणि दोन तपासण्यांच्या मध्ये काही बदल जाणवला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. विमा उतरवताना आपण हेच करतो. तो अपघात टाळत नाही म्हणून कुणी तो टाकून देत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. तिशी उलटलेल्या प्रत्येक स्त्रीचे स्तन शिकलेल्या आरोग्यसेविकेने किंवा डॉक्टरने निदान पाच वर्षांतून एकदा तपासावेत, असे केंद्र सरकारचे धोरण आहे. चाळिशीनंतर ही तपासणी दरवर्षी किंवा वर्षाआड करून घेणे चांगले. मॅमोग्राफी कधीपासून करायची हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. जिथे सोय आहे तिथे ५० ते ६९ वयात दर दोन वर्षांनी करण्याला सर्वांत भक्कम आधार आहे. आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांच्यापैकी कुणाला पन्नाशीच्या आत हा रोग झाला असेल, किंवा घरात बीजकोशाचा कर्करोग झाला असेल, तर हे वेळापत्रक तुमच्यासाठी नाही. तुम्ही कर्करोगतज्ज्ञाला आधीच भेटा आणि जनुकीय चाचणीबद्दल विचारा. रोज आंघोळ करताना आपले शरीर ओळखीचे ठेवा. न दुखणारी गाठ, काखेतली गाठ, कातडीला पडलेली खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, नव्याने आत ओढले गेलेले बोंड, त्यातून येणारे रक्ताळ पाणी, न बरी होणारी लाली: यातले काहीही दिसले तर आठवड्याच्या आत दाखवा. ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ हा समज सर्वांत घातक आहे, कारण सुरुवातीची कर्करोगाची गाठ बहुधा दुखतच नाही. शंभरात एखादा रुग्ण पुरुषही असतो. घरच्या पुरुषाच्या छातीवर गाठ आली तर तीही दाखवा.

गाठ सापडली तर पुढची पायरी ठरलेली आहे: तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि मग सुईची बायोप्सी. सुई लावली की कर्करोग पसरतो, ही भीती खोटी आहे. उलट निदानाआधीच जवळच्या कुणा सर्जनकडून ‘साधी गाठ’ म्हणून ती कापून घेतली तर पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. पहिल्यांदा दाखवल्यापासून निदान साठ दिवसांत पूर्ण व्हावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची कसोटी आहे. ती मनात धरून तारखा मोजा. बेगम बाजारातून उस्मानिया रुग्णालय पायी जाण्याच्या अंतरावर आहे, आणि १९५५ पासून चालणारे सरकारी एमएनजे कर्करोग रुग्णालय लकडी का पूलजवळ रेड हिल्सला आहे. पहिल्या तपासणीसाठी वस्तीतला बस्ती दवाखाना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा आणि तिथे स्पष्ट शब्दांत ‘स्तनांची तपासणी करायची आहे’ असे सांगा. खर्चासाठी तेलंगणात आरोग्यश्री आणि महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. मराठवाड्यातून हैदराबादला येणाऱ्यांनी आपले कार्ड इथे चालेल का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. अर्ध्यावर उपचार सुटणे हे उशिरा सापडण्याइतकेच वाईट.

शेवटची अडचण शास्त्राची नाही, संकोचाची आणि सवडीची आहे. कपडे काढून दाखवायचे कसे, घरचे काय म्हणतील, मुलीचे लग्न होऊ दे मग पाहू, अशा विचारांत महिने जातात आणि गाठ पहिल्या टप्प्यावरून तिसऱ्यावर जाते. मुंबईच्या प्रयोगातले तपासणारे हात बायकांचे होते, हे विसरू नका. तशी मागणी तुम्हीही करू शकता. बार्शीच्या परिसरात १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिथे नोंदणीचे लोक घरोघर जाऊन नुसते बोलू लागले, तेव्हा गर्भाशयमुखाचा कर्करोग घेऊन येणाऱ्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या. बोलण्याने एवढे होते. म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, मंडळाच्या भिशीला हा विषय काढा, चौघीजणी मिळून एकाच दिवशी तपासणीला जा. नवऱ्याने, मुलाने त्या दिवशी दुकान थोडे उशिरा उघडावे आणि सोबत जावे. आणि पुढच्या वेळी बेगम बाजाराची यादी लिहायला बसाल तेव्हा बदाम, हळद, जवस खुशाल लिहा. पण त्यांच्या वर, पहिल्या ओळीत, तपासणीची तारीख लिहा आणि ती झाल्याशिवाय खाली उतरू नका.